हवा कुठं जाते

ड्रॉइंग ऑफिसात मला घेतलं त्याच दिवशी इंजिनिअर साहेब म्हणाले, "तुम्ही ट्रेसर. तुमचं काम गिरवण्याचं. विचार करायला आम्ही आहोत." मी मान हलवली. ड्रॉइंगचा कोर्स करून दोन वर्षं घरी बसले होते. सोलापुरातल्या एखाद्या गिरणीत मुलीला टेबल मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि मलाही सहा महिन्यांच्या उमेदवारीवरच घेतलं होतं. म्हणून मान हलवली. कबूल मात्र मी काहीच केलं नव्हतं.

ते सत्तरच्या दशकातलं साल होतं. वीजकपातीनं सगळे वैतागलेले. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे. मी त्यावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणून शाईनं रेघा ओढायची, मग ते अमोनियाच्या यंत्रातून काढून प्रती करायची. दिवसभर डोळे चुरचुरायचे आणि घरी गेल्यावर आई म्हणायची, "अंगाला कसला गं वास येतोय?"

एप्रिलात गिरणीत एकच ओरड सुरू झाली, हवा कमी पडते. गिरणीत हवा म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबून टाकीत भरलेली हवा. तिथून ती लोखंडी नळांमधून सगळ्या खात्यांत जायची. तिच्यानं साच्यांवरचं, म्हणजे सुता-कापडाच्या यंत्रांवरचं, कापसाचं तूस उडवायचं, वर्कशॉपातली हत्यारं चालवायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुताच्या खात्यात पाण्याचे बारीक फवारे उडवायचे. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. हवेत ओल नसली की सूत कडकडा तुटतं. दुपारी दोनच्या सुमाराला नळातला दाब उतरायचा, फवारे मलूल व्हायचे, धागे तुटायचे आणि त्या खात्याचे प्रमुख, स्पिनिंग मास्तर, तावातावानं आमच्या साहेबांकडं यायचे.

साहेबांनी दोन कागद तयार केले. एकात लिहिलं की कॉम्प्रेसर लहान पडतो, नवा मोठा घ्यावा. दुसऱ्यात लिहिलं की कॉम्प्रेसरवरचा माणूस कामात हयगय करतो, यंत्र बंद ठेवून झोपतो, त्याची चौकशी व्हावी. दोन्ही कागद एकाच वेळी खरे कसे असतील, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या कागदाला नकाशा लागत होता. नव्या कॉम्प्रेसरची जागा आणि सगळ्या गिरणीतले हवेचे नळ दाखवायचे होते. साहेबांनी कपाटातून एक जुना, कडा कुरतडलेला नकाशा काढून माझ्यापुढं टाकला. "ह्याच्यावरून गिरवा. नवी खोली मी दाखवतो तिथं."

मी बघितलं तर त्या नकाशात सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं नव्हतंच. ते नंतर बांधलेलं. आणि रंगखातं होतं, जे बंद पडून कैक वर्षं झाली होती. मी म्हटलं, "साहेब, जागेवर जाऊन बघून येऊ का?"

"कशाला?"

"व्हॉल्व्ह कुठं आहेत ते कळेल."

"जा. पण तासाभरात या."

कॉम्प्रेसरची खोली गिरणीच्या मागच्या अंगाला होती. आत दोन यंत्रं, माणसाच्या उंचीची चाकं, रुंद पट्टे आणि कानात बोटं घालावीत असा दणदणाट. तिथल्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. मंगळवेढ्याकडचे, पन्नाशीचे, डोक्याला रुमाल बांधलेले. मी कोण ते सांगितलं तसं त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"बाई, तुमी हापिसातल्या. ह्ये वाचून दावा. मी वाचलंय, पर पुन्ना ऐकू द्या."

तो चौकशीचा कागद होता. मी ओरडून वाचला. 'यंत्र बंद ठेवून झोपणे' या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं आणि यंत्राकडं बोट दाखवलं.

"ह्यो झोपतोय का? बगा की. टाकी भरली म्हंजे ह्यो दम खातो. मोकळा फिरतो, आवाज बदलतो त्येचा. पयलं घटकाभर दम खायाचा. आता दोन महिनं झालं, दमच खात न्हाय. रातध्याड वढतोय. आन् म्हनं मी बंद ठिवतो!"

मी दाबाचा काटा बघितला. तो पाहिजे तिथपर्यंत चढतच नव्हता. यंत्र एवढं राबतंय, तरी टाकी भरत नाही. मग हवा जाते कुठं? हे कळायला इंजिनिअरच असावं लागतं असं काही मला वाटलं नाही. घरातली पाण्याची टाकी भरेनाशी झाली की आई आधी तोट्या बघते, लगेच मोठी मोटार आणायला सांगत नाही.

"मामा, सगळी खाती बंद असताना यंत्र चालवलं तर?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "सुट्टीच्या दिशी या. मला डूटी हाय त्या दिशी, वर्कशॉपवाल्यांसाटी. ते काय येत न्हाईत."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मनगटी घड्याळ मागून घेतलं. अण्णा पोस्टात होते. घड्याळ देताना म्हणाले, "सुट्टीला काम? साहेबांनी सांगितलंय ना?" मी म्हटलं, "नकाशाचं आहे." ते खोटं नव्हतं. फाटकावरच्या शिपायालाही तेच सांगितलं आणि आत गेले.

एवढ्या मोठ्या गिरणीत एकही साचा चालू नव्हता. मामांनी एक यंत्र सुरू केलं. काटा हळूहळू चढला, आणि दणदणाट एकदम खाली बसला. नुसती चाकाची घरघर राहिली.

"खाल्ला दम," मामा म्हणाले.

मी घड्याळ बघत उभी. एकही माणूस हवा वापरत नव्हता, म्हणजे काट्यानं जागचं हलायला नको. पण तो उतरायला लागला. सहा मिनिटांनी यंत्रानं पुन्हा ओढ घेतली आणि टाकी भरायला त्याला चार मिनिटं लागली. पुन्हा सहा, पुन्हा चार. आम्ही पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा तेवढंच आलं. दर दहा मिनिटांतली चार मिनिटं ते यंत्र कुणासाठीच राबत नव्हतं.

हल्ली अशा कामाला एनर्जी ऑडिट म्हणतात, आणि ते करणारी माणसं पेट्या भरून यंत्रं घेऊन येतात म्हणे. आमच्याकडं एक घड्याळ, जुन्या नकाशाची प्रत, लाल पेन्सिल, साबणाच्या पाण्याचा डबा आणि मामांचा दाढीचा ब्रश होता. आम्ही टाकीपासून नळ धरून चालत निघालो. एरवी साच्यांच्या आवाजात कानाशी बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी मात्र पावलापावलावर सूंऽऽ ऐकू येत होतं. मामा सांध्यावर ब्रश फिरवायचे, फेसाचे फुगे उठायचे आणि मी नकाशावर लाल फुली मारायची.

वाइंडिंग खात्यात बायकांनी एका रबरी नळीला चिंध्या बांधून ती आपल्या बाकाकडं वळवून ठेवली होती. हवेची बारीक धार चालूच होती.

"ह्ये नका लिवू, बाई," मामा म्हणाले. "गरीब बायका हायत. उकाड्यानं जीव जातो त्यांचा."

मी विचार केला. नाही लिहिलं तर उद्या बाकीच्या फुल्यांवरही कुणी विश्वास ठेवायचं नाही. मी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'इथे पंखा नाही.'

मग रंगखातं. दाराला गंज चढलेला, आत छताचे पत्रे लोंबत होते. जुन्या हौदापाशी, गवतात, अंगठ्याएवढ्या जाड नळाचं गंजलेलं बूच हल्लीच निखळून तोंड उघडं पडलं होतं. यंत्रं भंगारात गेली, नळ तसाच राहिला, आणि त्याचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला नाही. तोंडातून हवा फुसफुसत होती. तिच्यासमोर माती उकरून तीन कुत्री निवांत पडली होती. नळातून सुटणारी हवा गार लागते. आम्हाला बघून एकानं फक्त शेपूट हलवलं.

"कुत्र्यांचं बरंय की," मामा म्हणाले. "सरकारी पंखाच हाय."

शेवटी स्पिनिंग खात्यात आलो. तिथं मास्तरांची केबिन होती, लाकडी फळ्यांची, वर काच. दाराला कुलूप होतं. काचेतून बघितलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडत होती. पंखा बंद. मी टाचा उंचावून बघितलं. कपाटामागून एक तांब्याची नळी आली होती आणि तिचं तोंड बरोबर मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर रोखलेलं होतं. खुर्ची रिकामी, आणि तिला वारा चालू.

मामांनी ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाले, "आन् ह्येच मला म्हनत्यात, हवा कुटं गेली?"

मी ती नळी नकाशावर काढली. वळणासकट.

पुढच्या दोन दिवसांत मी नवं ट्रेसिंग केलं. सगळे नळ जसे आहेत तसे, फुल्या, रंगखात्याचं उघडं तोंड, केबिनमधली नळी, आणि कोपऱ्यात सुट्टीच्या दिवशीची सहा आणि चार मिनिटं. साहेबांपुढं ठेवलं. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. वाईट इंजिनिअर नव्हते ते. काय ते त्यांना लगेच कळलं, आणि म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला. मोठ्या कॉम्प्रेसरची मागणी त्यांच्या सहीनं वर गेलेली होती.

"ही रेघ कसली?"

"मास्तरांच्या केबिनमधली नळी."

"खोडा. आणि रंगखात्याचा हा फाटाही काढून टाका. खातं बंद आहे."

"खातं बंद आहे, साहेब. नळ बंद नाही."

"मी मत विचारलं नाही. फुल्या काढा, हे आकडे काढा. मला नव्या खोलीचा नकाशा हवाय. सुट्टीच्या दिवशी आत यायला तुम्हाला परवानगी कुणी दिली?"

"जागेवर बघायची परवानगी तुम्हीच दिली होती."

"तासाभराची!" त्यांनी टेबलावर हात आपटला. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, तुमची उमेदवारी संपायला दोन महिने आहेत. मी चांगला शेरा लिहिणार आहे. संध्याकाळपर्यंत साफ ट्रेसिंग द्या."

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई खोडायची म्हणजे ब्लेडनं हलकेच खरवडायची. मला ते छान जमायचं. मी टेबलाशी येऊन ब्लेड हातात घेतलं. खोलीत उकडत होतं, बोटांना घाम आला होता. त्या क्षणी मला आठवत होता तो मामांचा कागद. ही रेघ खरवडली तर 'झोपणे' हा शब्द खरा होणार होता, आणि तो माझ्या हातानं खरा होणार होता. भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून राग मोठा होता.

दुपारी साहेब जेवायला गेले. मी ते ट्रेसिंग जसंच्या तसं अमोनियाच्या यंत्रात घातलं आणि एक प्रत काढली. मग ट्रेसिंग साहेबांच्या टेबलावर पसरलं, त्यावर ब्लेड ठेवलं, आणि चिठ्ठी लिहिली, 'माझ्या हातून खोडणे होणार नाही. खोडायचे असल्यास आपण खोडावे.' प्रत गुंडाळून कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले आणि मामांच्या हातात दिली.

"चौकशीला हे न्या."

"तुमाला तरास व्हईल, बाई."

"तुम्हाला तो आधीच झालाय."

साहेब जेवून आले. चिठ्ठी वाचली. ट्रेसिंग त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. पण खरवडलं नाही त्यांनीही.

चौकशी चार दिवसांनी, भर दुपारी, मॅनेजर साहेबांच्या खोलीत होती. मॅनेजर वयस्क, कमी बोलणारे. एका बाजूला आमचे साहेब आणि स्पिनिंग मास्तर, दुसऱ्या बाजूला मामा. मामांनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. मी आत गेले तेव्हा प्रत टेबलावर उलगडलेली होती आणि तिची टोकं दोन पेपरवेटनी दाबली होती.

"ही प्रत कुणी काढली?" मॅनेजरांनी विचारलं.

"मी."

"साहेबांना विचारून?"

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर काढता आली नसती."

आमचे साहेब खिडकीबाहेर बघत होते. मॅनेजरांनी चष्मा सावरला आणि एका रेघेवर बोट ठेवलं. "ही नळी काय आहे?"

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "उष्मा फार होतो, साहेब. बारीकशी आहे. तेवढ्यानं काय होतंय? ह्या मुलीला यंत्रातलं काय कळतं? गिरवायला ठेवलीय तिला."

"मोजायला मला येतं," मी म्हटलं. "यंत्रातलं मामांना कळतं. मास्तरांना पटत नसेल तर आत्ता बघता येईल. रंगखात्याचा फाटा आणि ही नळी बंद करू. मामा खरंच झोपत असतील तर काही फरक पडणार नाही."

मॅनेजरांनी प्रत गुंडाळली. मग उठलेच. "चला."

भर एप्रिलच्या उन्हात आम्ही पाच माणसं आवार ओलांडून गेलो. रंगखात्याकडं जाणाऱ्या फाट्याचा व्हॉल्व्ह गंजून धरला होता. मामांनी मोठा पाना लावला, त्यावर लोखंडी नळी चढवली आणि अंगाचं वजन टाकलं. तो कुरकुरत फिरला. मग मास्तरांच्या केबिनमध्ये जाऊन कपाट सरकवलं. कपाटामागची तोटी मास्तरांनी स्वतः बंद केली, कुणाकडं न बघता.

पाच जण कॉम्प्रेसरच्या खोलीत येऊन उभे राहिलो. सगळी खाती चालू होती, फवारे चालू होते. काटा हलेना. मिनिट गेलं, दोन गेली. मास्तर रुमालानं मान पुसत होते. माझ्या मनात आलं, की चुकलं असेल तर? बाकीच्या फुल्या अजून तशाच होत्या, सगळे सांधे गळत होते. मामा मात्र काट्याकडं बघतच नव्हते. ते डोळे मिटून यंत्राला कान देऊन उभे होते.

काटा एकेक घर चढायला लागला. आणि मग तो दणदणाट एकदम खाली बसला.

"खाल्ला दम," मामा डोळे न उघडता म्हणाले.

फार वेळ नाही, जेमतेम दीड मिनिट. पण दोन महिन्यांत भर दुपारी पहिल्यांदाच. मॅनेजर बाहेर निघाले. दारात थांबून आमच्या साहेबांना एवढंच म्हणाले, "नव्या कॉम्प्रेसरचा कागद परत घ्या. आधी हे सगळं बुजवा."

त्यानंतर न्याय झाला असं कुणाला वाटेल. मामांना आठवड्यानं पत्र आलं, 'समज देऊन सोडण्यात येत आहे.' ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले, संतापलेले.

"समज कसली? मला समजतच हुतं की! ह्यांनाच कळंना. मी सही करनार न्हाय ह्येच्यावर."

"मग काय लिहायचं?"

"आरोप खोटा हाय आसं लिवा म्हनावं."

मी त्यांना अर्ज लिहून दिला. तीन वेळा परत आला, तीन वेळा आम्ही पुन्हा दिला. शेवटी 'आरोप सिद्ध न झाल्याने रद्द' असं पत्र निघालं. मामांना 'खोटा' हा शब्द हवा होता, तो काही मिळाला नाही. पण सही त्यांनी त्या पत्रावर केली, पहिल्यावर नाही.

मला मेमो आला. परवानगीशिवाय प्रत काढली, ती बाहेरच्या माणसाला दिली, लेखी माफी मागावी. कॉम्प्रेसर चालवणारा माणूस बाहेरचा कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

अण्णांनी मेमो दोनदा वाचला. "दोन ओळींची तर माफी," ते म्हणाले. "लिहून टाक. पोटाकडं बघून आम्हीही लिहिल्यात."

"तुम्ही लिहिल्यात म्हणूनच मला लिहायची नाही, अण्णा."

त्यांना ते लागलं. दोन दिवस ते एकटेच जेवले. मी असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचं शाईचं पेन माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "काय लिहायचं ते लिही. अक्षर मात्र नीट काढ."

मी लिहिलं, 'प्रत मी काढली. तिची गरज होती. पुन्हा गरज पडल्यास पुन्हा काढीन.' खाली सही केली.

माझी उमेदवारी आणखी सहा महिने वाढवली. साहेबांनी 'कामात चांगली, वागण्यात उद्धट' असा शेरा लिहिला. तो मला टाइपिस्ट बाईंनी गुपचूप दाखवला, आणि खरं सांगते, मला तो आवडला. पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्या खात्यांत एक सूचना लागली, 'हवा वाचवा,' खाली आमच्या साहेबांची सही. मास्तरांच्या केबिनमध्ये नवा पंखा आला. वाइंडिंगच्या बायकांनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी मिळून मॅनेजरांच्या दाराशी जाऊन बसल्या. त्यांनाही दोन पंखे मिळाले. जुने होते, पण फिरत होते.

मामा आणि मी दर सुट्टीला नाही, पण महिन्यातून एकदा तरी डबा आणि ब्रश घेऊन नळ फिरून यायचो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. वाढवलेले सहा महिने संपल्यावर मला कायम केलं. त्याच आठवड्यापासून मी प्रत्येक ट्रेसिंगच्या खाली, माझ्या सहीशेजारी, तीन शब्द लिहायला लागले, 'जागेवर जाऊन पाहिले.' साहेब म्हणाले, असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, "नव्हती, साहेब." आणि पुढच्या नकाशाचं माप घ्यायला टेप घेऊन बाहेर पडले.